जुन्या घाटातले दोन रांजण

जुन्या घाटात मी पहिल्यांदा गेले ती हौसेनं नव्हे, कामासाठी. धारूरच्या एका कॉलेजात मी तेव्हा भूगोल शिकवत होते. कॉलेजचा वार्षिक अंक निघणार होता आणि प्राचार्यांनी इतिहासाच्या सरांना आणि मला मिळून एक लेख लिहायला सांगितला होता: आपल्या भागातल्या जुन्या घाटवाटेचा भूगोल आणि इतिहास. सर निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी बेजार. ते म्हणाले, "इतिहास मी बसून लिहितो मॅडम. भूगोल तेवढा तुम्ही चालून या."

माझा नवरा बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. मी धारूरला एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं बीडला जायचे. मधल्या दिवसांत संध्याकाळी वेळच वेळ असायचा. शिवाय माझं माहेर गेवराईकडचं, गोदावरीच्या काठावरचं. तिथं जमीन अशी सपाट, की पाऊस पडला तर पाण्याला कुठं जावं ते कळत नाही. डोंगर मी पुस्तकात शिकले आणि पुस्तकातूनच शिकवत आले. बालाघाटाची कड पायाखालून बघायला मिळणार म्हणून मी खूशच होते.

आताचा डांबरी घाट सगळ्यांना माहीत आहे. ऊसतोडीच्या हंगामात माणसांनी आणि संसारांनी भरलेले ट्रॅक्टर त्याच घाटानं उतरतात. जुना घाट त्याच्या पूर्वेला, डोंगराच्या मधल्या दोन सोंडा ओलांडल्यावर. नकाशात त्याची तुटक रेघ आहे, नाव नाही. लोकही नुसतं जुना घाट म्हणतात. मोटारी नव्हत्या तेव्हा पठारावरचा कापूस आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून याच वाटेनं खाली गंगथडीला, म्हणजे इथले लोक जिला गंगा म्हणतात त्या गोदावरीच्या काठाला, जायचं आणि मीठ, कापड वर यायचं. धारूरचा किल्ला अशा वाटांवर नजर ठेवायलाच बांधलेला, असं सरांचं म्हणणं. निजामाच्या काळात घाटाच्या तोंडाशी जकातीचं नाकं होतं. त्याचं जोतं अजून आहे, त्यात सीताफळीची झाडं वाढलीत. पुढं डांबरी रस्ता दुसरीकडून गेला आणि ही वाट होती तशी राहून गेली.

घाटाच्या माथ्यावर दहा-बारा घरांची वाडी. तिथपर्यंत माझी स्कूटी जायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दिवाळी होऊन महिना झाला होता आणि अख्ख्या वाडीला कुलपं होती. माणसं ऊस तोडायला गेलेली, लेकरं, बैलं आणि कुत्रीसुद्धा सोबत नेलेली. एका दारापुढं खाट उभी करून ठेवली होती. एका दोरीवर कुणाचं तरी विसरलेलं लुगडं वाऱ्यानं हलत होतं. सकाळचे दहा वाजले होते, ऊन लख्ख पडलं होतं, पण एवढ्या उजेडात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी हाक मारून बघितली. कुणी ओ दिली नाही.

वाट वाडीच्या मागून खिंडीत शिरते आणि वळणं घेत उतरते. वरचा तुकडा दगडांनी फरसबंद केलेला, दगड खुरांनी झिजून गुळगुळीत झालेले. दोन्ही बाजूंचा काळा खडक पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातो. तिसऱ्या वळणावर त्या काळ्या खडकात तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, कमरेएवढा जाड. हे चित्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते: एका लाव्ह्याच्या थरावर माती तयार झाली, तिच्यावर दुसरा लाव्हा येऊन पसरला आणि ती भाजून विटेसारखी लाल झाली. वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी या मातीवर येऊन अडतं आणि आडवं बाहेर पडतं. तिथं ते पडतही होतं. करंगळीएवढी धार, खाली दगडात कोरलेलं टाकं. टाक्यापासून वीस-पंचवीस पावलांवर वाटेच्या कडेला चार दगडी खांबांवर टेकवलेलं छप्पर आणि त्याखाली दोन रांजण, अर्धे जमिनीत पुरलेले. त्यांच्यावर लाकडी झाकणं. एका झाकणावर पालथा घातलेला पितळी तांब्या.

तांब्या घासलेला होता. आरशासारखा लखलखीत. वापरात नसलेल्या वाटेवर, कुलूपबंद वाडीच्या खाली, कुणीतरी आज सकाळी चिंच लावून तांब्या घासला होता.

"सरका बाई," मागून आवाज आला. "वाटंत उभं ऱ्हाऊ न्हाई."

मी दचकून वळले. सत्तरी केव्हाच ओलांडलेली एक म्हातारी, हडकुळी, ताठ, कमरेवर भरलेली घागर.

"कुणाच्या वाटेत, मावशी?" मी हसायचा प्रयत्न केला.

"ज्यांची हाय त्यांच्या," ती म्हणाली आणि घागर रांजणात ओतायला लागली.

दोन्ही रांजण काठोकाठ भरेपर्यंत तिनं खेपा घातल्या. शेवटच्या दोन-तीन मी घातल्या. मग ती वर वाडीत गेली आणि मी वही-टेप घेऊन खाली उतरले. पायथ्यापर्यंत गेले, वळणं काढली, उतार मोजला, खडकांच्या थरांचे फोटो घेतले. दिवसभर त्या एकाच वाटेवर होते. चढताना चार वाजले होते आणि माझी बाटली संपली होती. रांजणापाशी आले, झाकण काढलं. तळाशी ओंजळभर पाणी. दुसऱ्यात निम्मं.

दिवसभरात मला एकही माणूस दिसलं नव्हतं. गुरं नव्हती. त्या दिवशी वानरांचाही आवाज नव्हता.

वर आले तर मावशी तिच्या दारात बसली होती. मी म्हणाले, "मावशी, रांजण गळतायत तुमचे."

"न्हाई गळत."

"मग पाणी कुठं गेलं?"

"पेलं."

"कुणी?"

"येत्यात माणसं."

"मी दिवसभर तिथंच होते. मला तर कुणी भेटलं नाही."

"तुमाला कावून भेटतील?" ती सहज म्हणाली आणि मला प्यायला पाणी द्यायला उठली.

पुढं मी तिथं वरचेवर जायला लागले. लेखापुरतं काम दोन फेऱ्यांत झालं असतं, पण त्या रांजणांनी मला सोडलं नाही. मावशीशी ओळख वाढली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा-सून दरसाल ऊसतोडीला जायचे, लेक बीडला दिलेली, जावई रिक्षा चालवायचा. दिवाळीनंतर चार-पाच महिने मावशी त्या वाडीत एकटी राहायची. रांजण आधी तिची सासू भरायची. सासूनं मरताना तिच्याकडून वचन घेतलं होतं, की एक दिवस चुकवायचा नाही.

"कशासाठी पण?" मी विचारायचे.

"तान लागती माणसाला," एवढंच सांगायची.

मी विज्ञान शिकलेली बाई. मी रांजणांचे तळ चाचपले, तडा सापडला नाही. वानरं असतील म्हणून रांजणांभोवती राख पसरली. दुसऱ्या दिवशी राख जशीच्या तशी आणि पाणी खाली गेलेलं. मावशीला मी काय करते ते कळत होतं, पण ती रागावली नाही. उलट तिनंच मला एक गोष्ट सांगितली. संध्याकाळी भरून ठेवलेला रांजण सकाळी तसाच काठोकाठ असतो. पाणी उतरतं ते दिवसाच.

"रातचं कुणी घाट उतरत न्हाई," ती म्हणाली. "आडरानात लेकरू घिऊन कोण चालंल?"

लेकरू हा शब्द ती सहज बोलून गेली. मी तेव्हा त्याकडं लक्ष दिलं नाही.

माघातल्या एका रविवारी मी बीडला गेले नाही. सकाळी मावशीबरोबर रांजण भरले, ती वर गेली आणि मी रांजणांसमोर, वाटेच्या पलीकडच्या दगडावर बसले. दुपारी चारपर्यंत उठायचं नाही असं ठरवून.

अकरा वाजले. बारा वाजले. ऊन डोक्यावर आलं. होले घुमत होते, लांब एक मोर ओरडत होता. एकच्या सुमाराला सगळं एकदम थांबलं. होले थांबले, किडे थांबले, झाडांची पानं थांबली. थंडी वाजावी असं काही नव्हतं, पण माझ्या दंडावर काटा आला. धुळीचा वास आला, खूप चालून आलेल्या पायांना येतो तसा. मी रांजणांकडं टक लावून बसले होते. काहीच दिसत नव्हतं. छप्पर, दोन झाकणं, पालथा तांब्या.

वहीत वेळ लिहायला म्हणून मी मान खाली घातली. एक ओळ लिहायला लागतो तेवढाच वेळ. मान वर केली तेव्हा तांब्या पालथा नव्हता. झाकणावर उभा होता आणि त्याच्या काठावरून पाणी ओघळत होतं.

 मी उठले. वाट ओलांडून रांजणांपाशी गेले. समोरच्या फुफाट्यात ओले ठिपके पडले होते. ओंजळीनं पाणी पिताना दोन्ही कोपरांवरून थेंब गळतात, तसे. जोडीजोडीनं पडलेले. एक जोडी हातभर अंतराची. दुसरी त्याहून जवळची. तिसरी अगदी वीतभर.

उन्हानं ते ठिपके माझ्यासमोर सुकले. सगळ्यांत आधी ती लहान जोडी सुकली.

मी मागं न बघता वर आले. मावशी सुपात तूर पाखडत होती. माझ्याकडं बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"काय दिसलं?"

"काही नाही. म्हणजे... तुम्हाला काय दिसतं मावशी?"

"मी कवाच बसून बघितलं न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज जरा कडक झाला होता. "कुणी जेवतंय, पाणी पितंय, तर त्याच्या तोंडाकडं बघत बसावं का?"

मला फार लाज वाटली. भीतीपेक्षा जास्त. त्यानंतर मी तिथं कधी पहारा केला नाही.

सरांना मी हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लेखात घालू नका." मी घालणारही नव्हते.

फाल्गुनात मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू पिकला होता. लेक तिला न्यायला बीडहून आली. चांगली, कामसू बाई होती, पण आईच्या रांजणांना कंटाळलेली. "खूळ हाय मॅडम तिचं," ती मला म्हणाली. "आमच्या आजीनं डोक्यात भरवलंय. तुमी नका नादी लागू." मावशी कपडे बांधायला आत गेली तेव्हा तिनं मलाच आत बोलावून घेतलं. माझा हात धरला. तिचा हात घागर वाहून वाहून दगडासारखा झाला होता.

"आठ दिस, बाई. पोरगा पाडव्याला येतोय. तवर दुसरं कुणी न्हाई. तेवढं पाणी."

मी हो म्हणाले.

चार दिवस मी उजाडता उजाडता निघून वाडीत पोचायचे आणि रांजण भरायचे. झऱ्याची धार आता सुतळीएवढी झाली होती. टाकं भरायची वाट बघावी लागायची, कमी पडलं तर वरच्या हातपंपावरून आणायचं. कॉलेजला पोचेपर्यंत कंबर मोडून जायची. तेव्हा कळलं, ही म्हातारी एवढी वर्षं काय करत होती.

पाचव्या दिवशी बारावीच्या परीक्षेचं काम होतं. सकाळी लवकर हजर व्हायचं होतं आणि नेमकी स्कूटी सुरू होईना. एक दिवस, मी स्वतःला म्हणाले. कालचं थोडंफार असेलच.

तो दिवस फार तापला. वर्गात पंखे गरम वारा टाकत होते. एकच्या सुमाराला माझा घसा कोरडा पडला. मी बाटली संपवली, शिपायाकडून आणखी मागवली, तीही संपवली, पण कोरड जाईना. जीभ टाळूला चिकटायला लागली. शेजारच्या वर्गावरच्या मॅडम म्हणाल्या, "तुमचा चेहरा किती उतरलाय." मला बाहेर वऱ्हांड्यात कुणीतरी उभं असल्यासारखं सारखं वाटत होतं. दोनदा जाऊन बघितलं. वऱ्हांडा रिकामा होता.

पाच वाजता खोलीवर आले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत पाय टाकला आणि धुळीचा तोच वास आला.

सकाळी निघताना मी माठ भरून ठेवला होता. माठ कोरडा होता. तांब्या फरशीच्या मधोमध उभा, ओला. आणि शहाबादी फरशीवर पाण्याच्या थेंबांच्या तीन जोड्या. तिसरी वीतभर अंतराची.

मी दारातच खाली बसले.  पण ती भीती फार वेळ टिकली नाही. ते ठिपके बघताना एकच गोष्ट डोक्यात येत राहिली: घाटापासून धारूरपर्यंत, एवढ्या उन्हात, रांजण कोरडे सापडल्यावर ही माणसं चालत आली. लेकराला घेऊन. आणि माझा पत्ता त्यांना ठाऊक होता, कारण चार दिवस पाणी मी भरलं होतं.

मी रिक्षा केली. पाण्याचे दोन कॅन घेतले आणि वाडी गाठली. सूर्य अजून टेकला नव्हता. वाट उतरून रांजण भरले, जमलं तेवढे. झाकणं ठेवली, तांब्या पालथा घातला आणि मोठ्यानं म्हणाले, "चुकलं माझं. प्या." वळून वर निघाले. पहिल्या वळणापर्यंत पोचले असेन तेव्हा मागं लाकडी झाकण सरकल्याचा आवाज आला. मावशीचं बोलणं आठवून मी मागं वळून बघितलं नाही.

मावशी आठव्या दिवशी परत आली, डोळ्यावर काळा चष्मा लावून. लेक तिला सोडून संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मी चहा केला आणि सगळं सांगून टाकलं. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. ती नुसती मान हलवत राहिली.

"माझ्या सासूचं बी असंच झालतं," ती म्हणाली. आणि मग तिनं कधी नव्हे ते सगळं सांगितलं.

सासू तेव्हा नवी सून होती. पाण्याचं काम तिच्याकडं होतं. दुष्काळ पडला होता आणि झरा आटला होता. तरी वाटसरूंसाठी खालून पाणी आणून रांजण भरायची रीत होती, पठारावरच्या सगळ्या गावांना ते ठाऊक होतं. सासूच्या माहेरी भावाचं लग्न निघालं. दोन दिवसांसाठी ती गेली. कुणाला तरी सांगून गेली होती, त्या माणसाला जमलं नाही. त्याच दिवशी, वाडीतली माणसं पाण्याच्या शोधात पांगलेली असताना, वरून तिघं आले. एक म्हातारा, त्याची सून आणि तिची लहान पोरगी. रांजणांच्या भरवशावर निघालेले. रांजण कोरडे बघून ते तिथंच सावलीला बसले असतील. परत चढायचीही ताकद नव्हती आणि उतरायचीही.

"सासू परत आली तवा तिलाच दिसले ते. त्या पोरीचं तोंड रांजणात व्हतं. चाटत असंल तळ." मावशीनं कप खाली ठेवला. "तवापासून सासू कवा माहेरला गेली न्हाई. भाऊ मेला तवा बी न्हाई."

 मग मी विचारलं, "ते कुठं चालले होते, मावशी?"

"गंगंकडं. तिकडं पाणी हाय म्हणून समदेच जात व्हते. त्या बाईचं माहेर व्हतं म्हणं काठाला."

"मग अजून इथंच का आहेत?"

तिनं चष्म्याआडून माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता, हे मला दिसत होतं. तिला नाही आणि तिच्या सासूलाही नाही.

"कुणी नेलंच न्हाई त्यास्नी," ती हळूच म्हणाली. "आमी आपलं पाणीच भरत बसलो."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. मावशीनं नवं पातळ नेसलं होतं. रांजण नेहमीसारखे भरले, मग एक घागर भरून तिनं कमरेवर घेतली. मी घेते म्हणाले तर दिली नाही. छपरापाशी उभी राहून, पाहुण्यांना उठवावं तशा आवाजात ती म्हणाली, "चला. गंगंला जायचंय. मी हाय संगं."

आम्ही उतरायला लागलो. प्रत्येक वळणावर ती थांबायची, तांब्यात पाणी घेऊन दगडावर ठेवायची आणि आम्ही दोघी पाठ करून उभ्या राहायचो. वळून बघितलं की तांब्या रिकामा असायचा. एकदा मधेच ती म्हणाली, "जरा दमानं चला बाई, म्हातारं हाय त्यात." मी चाल कमी केली. आमच्या मागं खडी सरकल्याचा बारीक आवाज पायथ्यापर्यंत येत होता.

रस्त्यावर बीडकडं जाणारी एसटी मिळाली. कंडक्टर आला तशी मावशी म्हणाली, "बीड, पाच."

कंडक्टरनं आमच्याकडं बघितलं. "दोघीच हायत की. आन् मावशी, तुमचं तर फुकट हाय."

"तिघं मागं बसलेत," मावशी म्हणाली. "एक म्हातारं, एक बाई, एक लेकरू. म्हाताऱ्याचं बी फुकट न्हाई का?"

"आधार कार्ड लागतं," तो सवयीनं बोलून गेला. मग आमच्या मागच्या तीन जणांच्या सीटकडं त्यानं एकदा बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. पुढं एक शब्दही न विचारता त्यानं मशीनमधून तिकिटं काढून माझ्या हातात दिली. तेलगावला गाडी गच्च भरली. माणसं दांड्याला लोंबकळत उभी राहिली, एक पोटुशी बाई सुद्धा उभी होती. पण त्या सीटवर कुणी बसलं नाही. कुणी बसायला वळलंही नाही. मी त्या पोटुशीला माझी जागा दिली आणि बीडपर्यंत उभी राहिले.

बीडला गाडी बदलली, गेवराईच्या अलीकडं उतरलो आणि रिक्षानं माझ्या माहेरच्या गावाकडं नदीवर गेलो. गोदावरीला त्या दिवसांत धार नसते. वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे पडलेले, त्यांत पाणी साचून राहिलेलं. मला मावशीसमोर ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या लांब आणून दाखवायची ती ही गंगा. पण ती काठावर उभी राहिली, चष्मा काढला आणि नव्या डोळ्यानं ते पाणी बघत राहिली. तिनं आयुष्यात एवढं पाणी एका जागी बघितलं नव्हतं.

"आली बघा गंगा," ती शेजारी बघून म्हणाली. "जावा आता. माहेर आलं."

वारा पडलेला होता. आमच्या समोरच्या डोहाचं पाणी काचेसारखं होतं. काठापासून पहिलं वलय उठलं, मग दुसरं, मग एक लहानसं. एकमेकांत मिसळत ती पलीकडच्या काठापर्यंत गेली. मग पाणी पुन्हा स्थिर झालं. मावशीनं घागर उलटी करून उरलेलं झऱ्याचं पाणी नदीत ओतलं आणि आम्ही माझ्या भावाच्या घरी मुक्कामाला गेलो. वहिनीनं विचारलं, काय काम काढलंत? मी म्हणाले, मावशींना गंगा बघायची होती.

दुसऱ्या दिवशी परतलो. रांजण काठोकाठ होते. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पाण्यात पानं पडून कुजायला लागली, तेव्हा मावशीनं ते उपसून टाकलं आणि परत भरलं. तेही तसंच राहिलं.

आमचा लेख छापून आला. त्यात घाटाची उंची आहे, खडकांचे थर आहेत, नाक्याचं जोतं आहे. दुष्काळातल्या त्या तिघांबद्दल सरांनी जुनी कागदपत्रं चाळली, पण त्यांना काही सापडलं नाही. म्हणाले, अशा माणसांची नोंद ठेवायला तिथं होतं कोण.

त्या जूनमध्ये मला बीडच्या कॉलेजात जागा मिळाली. जायच्या आधी मी मावशीला भेटायला गेले. वाडी आता गजबजलेली होती, पोरं ओरडत होती, कुत्री भुंकत होती. मावशी घरात नव्हती. खाली घाटात गेले तर ती छपराखाली बसली होती, रांजणाला पाठ टेकवून, रिकाम्या वाटेकडं बघत. तांब्या घासलेला होता.

"आता कशाला भरता मावशी? सुटलात की तुम्ही."

"व्हय," ती म्हणाली. "सुटले." जरा वेळानं म्हणाली, "करमत न्हाई बाई. सकाळी हात शिवशिवत्यात. भरून ठिवते, तर समदं तसंच. कुणी येतच न्हाई."

 तिनं झाकण सरकवलं, तांब्या बुडवून भरला आणि माझ्यापुढं धरला.

"तू तरी पी."

मला तहान नव्हती. मी ओंजळ केली, ती वरून ओतत राहिली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत मी पीत राहिले. मग तिनं दुसरा भरला.